नऊ पाय

मंगळवारी दुपारी मी सेलूला नातीच्या दुकानात जाऊन बसलो. स्वप्ना संगणकावर जमिनींचे नकाशे काढते. आमच्या वालूरच्या शेतातून रस्ता जाणार आहे आणि माझी बायको नीलम्मा त्याच शेतात आहे. आम्ही लिंगायत, गेलेल्या माणसाला बसवून पुरतो. पाच वाजेपर्यंत समाधी नकाशात दाखवून तो कचेरीत पाठवला तर रस्ता वळणार होता, नाहीतर तिच्यावरूनच जाणार होता.

शेताची मोजणी गावातल्या मोजणीदार चंद्रभानने केली होती. त्याची मापं वाचून आपोआप नकाशा काढणारी स्क्रिप्ट स्वप्नानेच लिहिलेली. ती एकेचाळिसाव्या ओळीवर अडकली.

"मीटरच्या जागी काय लिवलंय हे काकानं?"

मी साठीत अक्षरं शिकलो. बोट ठेवून वाचलं. नऊ पाय.

आमच्यात समाधीचा खड्डा गेलेल्याच्याच पायाने मोजतात. नऊ पाय लांब, नऊ पाय रुंद. चंद्रभान आमच्यातला नाही. त्याला फोन लावला.

"म्या कशाला पाय लिवू, बाबा? मशीन मीटरच देतंय की."

स्वप्नाने ओळ पुसली. स्क्रिप्ट चालवताच ओळ परत आली. खाली प्रश्न होता : एका पायाची लांबी?

"हे मी लिवलंच न्हाई," ती म्हणाली. मग हसली. "आजीचा पाय केवढा होता, आबा?"

"एक वीत. दोऱ्यानं मीच मोजला होता."

तिने बावीस सेंटिमीटर टाकले. चौकोन उमटला, नेमका समाधीवर. मला बरं वाटलं.

स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर थांबली. पुन्हा नऊ पाय. पुन्हा तोच प्रश्न. जागा नीलम्माच्या शेजारची. तिथे कोणी नाही.

"माझा असंल," मी म्हणालो. "माझं माप टाक."

पाय पट्टीवर ठेवला. सव्वीस. तिने आकडा टाकताच लाल अक्षरं आली : माप जुळत नाही.

"वहाणेसकट मोजलंत की, आबा!"

मी वहाण काढून वाकलो. पावणेपाच झाले होते.

"ऱ्हाऊ द्या. त्याला नुसता आकडा पायजे. माझा टाकते, तेवीस."

"नको पोरी—"

तिने कळ दाबली होती.

नकाशा पूर्ण झाला. रस्त्याची रेघ दोन्ही चौकोनांना वळसा घालून गेली. तिने तो पाठवला. पोच आली.

"झालं. वाचली आजी."

मी वहाण परत पायात सरकवली.

दुकान बंद करताना ती अनवाणी दारातच थांबली. एका हाताने चौकट धरून तळपाय झटकू लागली.

"बघा हो आबा, हे कुठं लागलं?"

भर उन्हाळ्यात तिच्या तळव्यांना काळी, ओली माती होती. मागे फरशीवर एकही ठसा नव्हता.