खोली अठरा फूट

"मोबाईल उलटे ठेवा," रामराव म्हणाले. अथर्व अन् दुर्वा, पुतण्या अन् पुतणी, दोघांनी ठेवले. गच्चीवर अंधार झाला. "विष्णू फॅक्टरीत माझ्यासंगं होता. खोटं वाटलं तर त्याला विचारा. सांगणार नाही तो, ते वेगळं."

मग ते सांगू लागले.

चोवीस सालचा डिसेंबर, चौदा तारीख, शनिवार. रात्री साडेनऊला विष्णू डोळ्यांचे ड्रॉप्स आणायला निघाला. भावजयीच्या आईचा मोतीबिंदू काढलेला. दोघी मायलेकी त्याच्याकडंच, इथल्या कांचघर मोहल्ल्यात.

"भावजय म्हणजे?" अथर्वनं विचारलं.

"भाभी बे. अवंती. विष्णूचा लहान भाऊ गौरांग, त्याची बायको."

गौरांगनं जहाजावरची नोकरी सोडून शिडाची बोट घेतली होती. नवराबायको बोटीवरच राहत, अंदमानात. आज या बेटाच्या आडोशाला, उद्या त्या. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची. अंघोळ पावसाच्या पाण्यानं, पाऊस पडला तर.

"क्या लाईफ है!" दुर्वा म्हणाली.

"विष्णूलाही तेच वाटायचं. म्हणून जळायचा."

बोटवाल्यांची एक रीत असते. जमिनीवर एक माणूस नेमायचा. रोज रात्री दहाला त्याला सॅटेलाईटच्या यंत्रावरून मेसेज धाडायचा. नाही आला, की त्यानं लगेच कोस्ट गार्डला फोन करायचा. गौरांगचा माणूस विष्णू. चार वर्षं रोज मेसेज यायचा, खाली नकाशावरची जागा. 'दादा, नांगर टाकला. खोली वीस फूट. झोप आता.' मग विष्णू झोपायचा.

दोनदा मेसेज आला नाही. दोन्ही वेळा विष्णूनं फोन करून धावपळ उडवली. दोन्ही वेळा गौरांग मजेत. वर हसला, "अरे दादा, चार्जिंग विसरलो."

तिसऱ्यांदा, तीस नोव्हेंबरला. अवंती इकडं आलेली, गौरांग बोटीवर एकटा. दहा वाजले. साडेदहा. विष्णू म्हणाला, "आज मी हसं नाही करून घेत." अन् झोपला.

फोन केला सकाळी. रात्री तिकडं वादळ होऊन गेलं होतं. ना बोट सापडली, ना गौरांग.

अवंतीनं एकच विचारलं, "दादा, रात्री फोन केला होता ना?"

"दहा पाचला," विष्णू म्हणाला.

दहा दिवस गेले. रात्री दहाला मेसेज आला. 'दादा, नांगर टाकला.' विष्णूनं जागा नकाशात पाहिली. जगदलपूर.

"तिथं कुठं समुद्र?"

"नाहीच."

दुसऱ्या रात्री रायपूर. मग कवर्धा. मग मंडला. रोज इकडं जवळ. विष्णूनं कोणाला दाखवलं नाही. दाखवणार कसा? अवंतीनं पुन्हा तेच विचारलं असतं.

"काका, म्हणजे बोट जमिनीवरून येऊन राहिली?"

"जमिनीवरून काहून? रोज पाण्याची खोली लिहून राहिला होता ना तो."

दुर्वा अथर्वच्या जवळ सरकली.

तर चौदा तारीख. ड्रॉप्स घेऊन विष्णू गल्लीत शिरला. दहाला दोन मिनिटं कमी. कुत्री गप्प. कानाला दडे बसले, पाण्यात बुडी मारल्यावर बसतात तसे. जीभ खारट. पाय उचलेना...

मोबाईल वाजला.

'दादा, नांगर टाकला. खोली अठरा फूट. झोप आता.'

विष्णूनं वर पाहिलं. खांबावरच्या दिव्याच्या वर काहीतरी लांबट, काळं. बोटीचा तळ होता तो. हलत होता. सावकाश...

मग साखळी. खळ्ळ... खळ्ळ... वरून खाली.

"गौरांग! नाही केला रे मी फोन! झोपलो होतो मी!"

...

"मग?" अथर्वनं विचारलं.



मग काय. साखळी थांबली. वर नुसतं आभाळ. दारात अवंती उभी होती. तिनं त्याच्या हातातून ड्रॉप्स घेतले. आत गेली. आतून कडी लावली.

घर विष्णूचं होतं. तरी त्यानं दार वाजवलं नाही.

सकाळी ती आईला घेऊन दीक्षितपुऱ्यात, दुसऱ्या मोहल्ल्यात राहायला गेली. आजवर त्याच्याशी बोलली नाही. मेसेजही पुन्हा आला नाही. विष्णू मात्र दहाला उठून बसतो.

"महिन्याभरानं लाईनमन त्या गल्लीतल्या खांबावर चढला," रामराव म्हणाले. "हात कापून, शिव्या देत उतरला. अठरा फुटांवर खांबाभोवती शिंपले चिकटलेत. समुद्रातले. चांगला हातभर रुंद पट्टा. मी शिडी लावून पाहिलेत..."

"अन्?"

"ओले होते."