चढावरचा हात

त्या दिवशी मी फक्त ब्रेकची रबरं बदलून घ्यायला घराबाहेर पडले होते. मिस्त्री दुकानाचं शटर वर करत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, सायकल ठणठणीत आहे, तुम्हीच जरा वाळलात." त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही. रबरं बसली, आणि मला वाटलं, नवे ब्रेक उतारावर बघायला हवेत. उतार हवा तर आधी चढणं आलंच. म्हणून हॅंडल टेकडीकडे वळवलं.

टेकडीवर पाण्याची टाकी आहे. रस्ता झाडीतून नागमोडी जातो, आणि टाकीच्या अलीकडे एक वळण असं उभं आहे की भलेभले तिथे खाली उतरून सायकल ढकलतात. मीही तिथेच उतरायचे. माझ्या छातीच्या ऑपरेशनमध्ये फुप्फुसाचा एक तुकडा काढावा लागला होता. त्यानंतर कित्येक महिने मी दुसऱ्यांच्या हातांवर जगले. उठवायला नर्सचा हात, न्हाणीघरापर्यंत नवऱ्याचा, जिन्यात सासूबाईंचा. सगळे हात मायेचे होते, पण खरं सांगते, मला त्यांचा वीट आला होता. ती टाकी मला माझ्या स्वतःच्या दमावर गाठायची होती. बाकी काही नको होतं.

नवरा चिडवायचा. "जिना चढताना धाप लागते आणि बाईसाहेब निघाल्या डोंगर सर करायला." तरी मी रोज जायचे. हलका गिअर लावायचा, सीटवरून उठायचं नाही, वर न बघता चाकापुढचा हातभर रस्ता बघायचा, श्वास पायाशी जुळवायचा. हळूहळू जमत चाललं होतं. पण ते वळण काही केल्या हार मानत नव्हतं.

रबरं बदलली त्या सकाळी धुकं होतं. ओल्या पाचोळ्याचा वास येत होता. वळणाशी माझे पाय जड झाले, आता उतरावंच लागणार असं वाटलं, आणि तेवढ्यात पाठीवर कुणीतरी तळहात टेकवला.

मी दचकले नाही. आम्हा सायकलवाल्यांत ही रीतच आहे. चढावर कोणी ढेपाळलं, की मागून येणारा बाजूला येतो, एका हाताने आपलं हॅंडल सांभाळतो आणि दुसऱ्याने त्याला रेटतो. रेटून घेणाऱ्याने मागे बघायचं नाही, कारण मान वळली की सायकल डुलते. दम परत आला की "सोड" म्हणायचं. तोवर हात काढायचा नाही. मी मान खाली घालून पायडल मारत राहिले. टाकी आली. आभार मानायला वळले, तर रस्ता रिकामा होता. धुक्यात एखाद्या चेनची करकरसुद्धा नव्हती.

कोणीतरी भला माणूस मधल्या फाट्याने गेला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तसा फाटा त्या रस्त्याला नाही.

संध्याकाळी नवरा कपडे वाळत घालत होता. माझा सायकलीचा शर्ट त्याने उजेडात धरला.

"हे काय आहे ग?"

शर्ट नुकताच धुतलेला, ओलाचिंब होता. फक्त पाठीच्या मधोमध एक कोरडा ठसा होता. लहानसा तळहात आणि पाच बोटं.

"कोणी... धरलं होतं का तुला?"

"सायकलवाला असेल कोणी," मी म्हटलं. त्याने शर्ट पुन्हा बादलीत टाकला आणि त्या रात्री मला चिडवलं नाही.

त्यानंतर हात रोज येऊ लागला. आधी वळणाशी यायचा, मग चढाच्या पायथ्याशी. मग तर घराच्या जिन्यातही. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आता कशी पळतेस बाई वर." मी हसले, आणि पाठीवरची बोटं किंचित दाबली गेली. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी नळीत फुंकायला सांगितलं. फुंकताना तळहात पाठीला टेकलेला होता. काटा भराभर वर गेला आणि डॉक्टर खूश झाले. मला मात्र रडू आलं. ती फुंकर माझी होती की त्या हाताची, हे मला कळेना. भीती होतीच, पण भीतीपेक्षा राग जास्त होता. एवढे महिने झटून मिळवलेलं एकुलतं एक बळ कुणीतरी माझ्याकडून न बोलता काढून घेत होतं.

मग लक्षात आलं. मी एकदाही "सोड" म्हटलं नव्हतं.

सपाटीवर म्हणणं सोपं होतं. पण मला ते वळणावरच म्हणायचं होतं, जिथे सोडल्यावर पडायची शक्यता जास्त. नवऱ्याला टाकीपाशी उभं केलं आणि बजावलं, "काही झालं तरी खाली धावत यायचं नाही."

"आणि पडलीस तर?"

"तर उठेन."

धुकं त्या सकाळीही होतं. हात पायथ्यालाच आला. गार, मुकाट. वळण समोर उभं राहिलं तशी मी म्हणाले, "सोड."

बोटं हलली नाहीत. उलट घट्ट झाली.

"सोड... मला जमेल."

हात निघाला. आणि सगळी टेकडी एकदम माझ्या पायांवर आली. पायडल जागचं हलेना. छातीत टाके होते तिथे कळ उठली. पण मी उतरले नाही. एक पाय, मग दुसरा. हातभर रस्ता बघायचा, मग पुढचा हातभर. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी श्वास पायाशी बांधून ठेवला. वळण मागे पडलं तेव्हा मी मोठ्याने हसले. ते वळण माझं होतं, माझ्या उरल्यासुरल्या फुप्फुसाचं होतं.

तेवढ्यात डाव्या बाजूला, जरा मागे, धाप ऐकू आली. फाटलेली, शिट्टी वाजल्यासारखी. ऑपरेशननंतर मी तसाच श्वास घ्यायचे. त्या धापेतून बाईचा आवाज आला, अगदी हळू...

"आता... मला रेट..."

मी मागे बघितलं नाही. टाकी समोर होती, मी पोचले. नवरा टाळ्या वाजवत पुढे आला आणि अर्ध्यातच थांबला.

"डावा हात असा मागे का धरला होतास?"

माझा डावा तळहात घामाने निथळत होता. उजवा कोरडा होता. डाव्यावरचा घाम बर्फासारखा गार होता, माझा नव्हता.

आता मी त्या चढावर कधीच उतरत नाही. सायकल क्लबातली तरणीताठी मंडळी माझ्या मागे पडतात आणि विचारतात, एका हाताने एवढा चढ कसा काय काढता? माझं बळ आता माझंच आहे, त्याबद्दल मनात शंका उरली नाही. दोघींपुरतं ते पुरवायचं, असंही मी ठरवून टाकलंय. पायथ्याशी पोचले की तळहाताखाली पाठ येते. अरुंद, हाडं लागणारी. मी रेटते.

रीत तीच आहे. तिने "सोड" म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही. टाकीपाशी मी थांबते, कान देते. नुसती धाप ऐकू येते. आणि हल्ली ती टाकीपाशी थांबत नाही, तिथून पुढे, जिथे रस्ताच नाही, त्या बाजूला अजून चढत राहते, आणि तिच्या पाठीवरचा माझा हात तिकडे ओढला जातो.