दगडखाणीतले सहा सेकंद

"शाब्बास, आशय!" दीप्तीआत्या म्हणाली. सकाळपासून तिसऱ्यांदा! आभाचा नुसता जळफळाट झाला.

आत्या भूकंपशास्त्रज्ञ. दिवाळीच्या सुट्टीत झाशीला माहेरी आली, तीही यंत्रं घेऊनच! उद्या समथर गावी यंत्रं लावायच्या फेरीला जीपमध्ये एकालाच जागा होती. ती आपलीच, असं आभा धरून चालली होती. पण वर्गात नवा आलेला, आज यंत्रं बघायला सोबत आलेला हा फौजी बापाचा आशय घडाघडा मराठी बोलायचा आणि आत्या खूश! आभाच्या तोंडी मात्र अर्धी हिंदी. वर्गात ती त्याच्याशी मराठीचा एक शब्द बोलत नसे. हसला तर?

खाणीच्या ऑफिसात, तिथल्या मुंशीजींच्या टेबलापाशी आत्या डोकं धरून बसली होती.

"सुरुंगाची जागा नि वेळ ठाऊक असली, की बुंदेलखंडाच्या खडकातून लाटा किती वेगाने धावतात ते कळतं. मग कुठला धक्का सुरुंगाचा, कुठला भूकंपाचा, नेमकं सांगता येतं. पण इथली लाट झाशीच्या यंत्रावर दर वेळी तृतीयांश सेकंद उशिरा पोचते! दोन वर्षांचं गणित चुकलं की काय?"

"यंत्र तपासूया का?" आशय म्हणाला.

"हुशार आहेस!"

आभाने दात-ओठ खाल्ले.

तेवढ्यात भोंगा वाजला. दूर टेकडीपलीकडे धुळीचा लोट उठला. पण आवाज कुठंय? आभा मोजू लागली. एक, दोन, तीन... धडाम!

"सहा सेकंद!" ती ओरडली.

"बरोबर सहा," घड्याळ बघत आशय म्हणाला.

"आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो. म्हणजे सुरुंग दोन किलोमीटर दूर उडाला!" आभा मुंशीजींकडे वळली. "मुंशीजी, खदान की लोकेशन आपने कहाँ से भेजी थी?"

"जेई कुर्सी पे बैठे-बैठे, बिन्नू!" मुंशीजींनी आपली खुर्ची थोपटली. "उतै धूप में को जाए?"

आत्या उडालीच! "म्हणजे जागा या ऑफिसची कळवली, नि सुरुंग दोन किलोमीटर पलीकडे! खडकात लाट सेकंदाला सहा किलोमीटर धावते, उशीर चोख जुळला! आभा, माझी दोन वर्षं वाचवलीस गं! उद्याची जागा तुझी!"

आभाने ऐटीत आशयकडे पाहिलं. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"तुझा हेवा वाटतो," तो हळूच म्हणाला. "तुला आत्या आहे. इथे शाळेत माझ्याशी मराठीत कुणीच बोलत नाही. तूसुद्धा नाही."

आभाचे कान लाल झाले.

"आत्या, आशयला पण घे. आम्ही दोघं अॅडजस्ट होऊन जाऊ," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून दटावलं, "मी चुकली तर हसायचं नाही! आणि खिडकी माझी!"