एक्केचाळीसच्या मागे

नाशिकला पूर किती आलाय हे आकड्यांवरून कळत नाही, गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीवरून कळतं. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की लोक बघायला जातात, कमरेला लागलं की तिथंच उभं राहून भजी खातात, आणि गळ्याला लागलं की आपापल्या घरी पळतात. गंगापूर रोडवरच्या त्या मुलींच्या वसतिगृहात मात्र कमरेलाच पळापळ होई, कारण संस्थेनं ते नदीला अगदी खेटून बांधलं होतं. निसर्गाच्या सान्निध्यात विद्यार्थिनींवर चांगले संस्कार होतात, असं पायाभरणीच्या भाषणात कुणी तरी म्हणालं होतं. निसर्गानं ते फारच मनावर घेतलं.

म्हणून रेक्टर प्रतिभाबाईंनी एक शिस्त लावली होती. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला, की तळमजल्याच्या एक्केचाळीस मुलींनी एकच दोर धरायचा, बाईंच्या मागे जिना चढून गच्चीवर जायचं, आणि चढता चढता प्रत्येकीनं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा. वीज आधीच गेलेली असे, आणि जिन्याला खिडकी ठेवायची राहून गेली होती.

ही शिस्त चौऱ्याण्णवच्या पुरानंतरची. त्या वर्षी बाईंनी मुली गच्चीवर नेऊन मोजल्या. एक्केचाळीस भरल्या. गोष्टीतले दहा मूर्ख मोजताना स्वतःला विसरतात, बाई एम.ए. होत्या, त्यांनी स्वतःलाही मोजलं. एक्केचाळिसावी पोर, येवल्याची सुवर्णा, प्रॅक्टिकलचं जर्नल आणायला खाली परतली होती. ती सापडलीच नाही. तिचे वडील आले. माणूस पैठणी विणणारा, कमी बोलणारा. चिखलात उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, पोरी मोजल्या होत्या ना?"

"मोजल्या होत्या," बाई म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच त्यांना झोपू देत नव्हतं.

पुढं दहा वर्षांनी, दोन हजार चारच्या पुरात, एक्केचाळीसनंतर जिन्याच्या तळातून कुणी तरी म्हणालं, "बेचाळीस." गच्चीवर मुली एक्केचाळीसच होत्या. दोन हजार सहाला पुन्हा तेच. बाईंनी अहवालात प्रामाणिकपणे 'सुखरूप : बेचाळीस' असं लिहिलं. कार्यालयाचं उलटटपाली पत्र आलं, जादा विद्यार्थिनीचा प्रवेशअर्ज सोबत जोडावा.

आवाज बाईंनी ओळखला होता. हजेरीत शेवटचं नाव असलेल्या मुलीचा असतो तसा, जरा घाईचा, आपल्याला विसरतील की काय अशा धास्तीचा. तेव्हापासून गाव धरण भरावं म्हणून आभाळाकडं बघे, आणि बाई ते भरून वाहावं म्हणून. रेक्टरनं आपल्याच वसतिगृहावर पूर मागावा, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

दोन हजार आठचा सप्टेंबर. निवृत्तीला बारा दिवस उरले होते. दर पावसाळ्यात नदीकाठी पोरीला शोधत फिरणारे सुवर्णाचे वडील या वर्षी कुणाला दिसले नव्हते. दुपारी चारला वॉचमन देवराम धावत आला.

"बाई, मारुतीच्या कमरेला लागलं पानी! आता दम नाय धरायचा."

"दोराचं पुढचं टोक आज तू धर देवराम. मी मागं राहते."

"मागं? लय पानी चढंल बाई जिन्यात."

"साडी वाळते रे."

रांगेत शेवटची होती मालेगावची तबस्सुम. छातीशी काही तरी धरून उभी.

"काय गं ते?"

"जर्नल, मॅडम."

"टाक ते. मी सांगते सरांना."

"बघा हं मॅडम. नंतर म्हणाल, कोण तबस्सुम?"

"चढ आता, चोमडे."

दोर सरकू लागला. जिन्यात मेसमधल्या भिजलेल्या पिठाचा आणि गाळाचा वास भरला होता. वरून आकडे येत होते, एकेक वळण उतरत.

"एक्केचाळीस," तबस्सुम म्हणाली आणि वळणाआड गेली.

बाई थांबल्या. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. त्यांनी डावा हात मागे केला, पाण्यात.

"सुवर्णा, ये गं."

भिंतीला पाणी चाटत होतं.

मग बोटांत बोटं आली. गार, बारीक. मधल्या बोटाला लिहून लिहून पडलेला घट्टा.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

हात निघून गेला नाही.

वरून देवरामची हाक आली. "बाई, पुन्यांदा मोजू का?"

"मोज."

आकडे पुन्हा सुरू झाले. आता फार वरून येत होते. शेवटी, अगदी पुसट, एक्केचाळीस.

मागून आवाज आला नाही. हातातला हात मात्र दोनदा दाबला गेला. शेजारणीचा नंबर आला की मुली दाबतात तसा.

पाळी बाईंची होती.

"बेचाळीस," त्या म्हणाल्या.

"त्रेचाळीस," पाठीशी सुवर्णा म्हणाली. आवाजात आता धास्ती नव्हती.

चौदा वर्षांत पहिल्यांदा बाईंची मोजणी बरोबर आली होती. त्यांनी तो हात घट्ट धरला आणि वरच्या पायरीवर पाऊल ठेवलं.

तेवढ्यात सुवर्णाच्याही मागून, पाण्याखालच्या पायऱ्यांवरून, एक म्हातारा पुरुषी आवाज शांतपणे म्हणाला, "चव्वेचाळीस."