चौथ्या पॅनेलखालचे ऊन

माझे नाव दीनानाथ वामन गोवंडे. वय शहात्तर पूर्ण. सारी नोकरी टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करण्यात झाली. शाळा मॅट्रिकपर्यंत, पुढचे सारे शिक्षण ग्रंथालयात. हे आधीच सांगतो, कारण पुढील हकीकत वाचून मला कोणी भोळसट समजू नये.

गेल्या वर्षी मी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचे फिरते घर करण्यासाठी लोणी काळभोरला गाड्यांची बांधणी करणाऱ्या साईनाथ यांच्या शेडमध्ये नेली. कारण माझी पत्नी सुहासिनी. तिची फुफ्फुसे थकली होती. बसून प्रवास होत नसे आणि झोपताना ऑक्सिजनचे यंत्र लागे. चंद्रपूरच्या थोरल्या बहिणीला एकदा भेटायचे, एवढेच तिचे मागणे होते. गाडीत पलंग असावा आणि यंत्रापुरती वीज छतावरच्या सौर पॅनेलांतून मिळावी, असे ठरले.

"अहो, पलंगाच्या बरोबर वर एक खिडकी ठेवा," ती म्हणाली. "छताला. पडल्या पडल्या अंगावर ऊन येईल. इथे नुसती गार भिंत."

कर्वेनगरातील आमचे घर तळमजल्यावर, दोन इमारतींच्या मधोमध. ऊन जिन्याच्या पायरीपर्यंत येऊन परत फिरते.

साईनाथ यांनी दीड फूट लांबीरुंदीची काचेची खिडकी बसवलीसुद्धा. त्यानंतर माझे गणित पूर्ण झाले. सलग तीन दिवस ऊन पडले नाही तरी यंत्र चालावे, या हिशेबाने चार पॅनेले हवी होती. खिडकी ठेवली तर छतावर तीनच मावत होती.

"आजोबा, तीन बास हायेत," साईनाथ म्हणाले. "गाडी रस्त्यावर असली की इंजिनावरबी बॅटरी भरती. ते तुम्ही धरलंच नाय."

"माझ्या पुस्तकात इंजिन धरलेले नाही."

"पुस्तक कुठलं?"

"जर्मनीतले."

"मग तिकडं ऊन नसंल."

शेडमधले दोघे हसले. मी म्हणालो, "साईनाथ, वीज मला कळते. आपण पत्रा जोडा."

त्यांनी खिडकीची काच काढली, त्या जागी पत्रा जोडला, आतून प्लायवूड ठोकले आणि वर चौथे पॅनेल बसवले. घरी आल्यावर मी सुहासिनीला आकडे समजावून दिले. दम लागला तर ऊन कामाला येणार नाही, वीज येईल, असेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"बरं. तुमचं गणित," एवढेच म्हणून तिने कूस बदलली.

काम इतक्यावर संपायला हवे होते. पण तारेची जाडी माझ्या कोष्टकाशी जुळेना. मी सारी जोडणी दोनदा उकलायला लावली. साईनाथ दर वेळी म्हणत, "चालतंय हे, आजोबा. आज्जींना घेऊन जावा एकदा." मी दर वेळी कोष्टक दाखवी. त्यात दोन महिने गेले. गाडी चोवीस एप्रिलला घरी आली. सुहासिनी तेरा तारखेलाच गेली होती.

दिवस झाल्यावर मी रोज गाडीत बसू लागलो. गाडी सोसायटीच्या मोकळ्या बाजूला उभी असे. तिच्यावर झाडाची फांदीही येत नव्हती. मी चालकाच्या आसनाजवळच्या मीटरवरील आकडे वहीत टिपी. मागचा पडदा ओढलेला असे. पलंगाकडे पाहणे मला जमत नव्हते. मे महिन्यातले ऊन, आभाळ स्वच्छ. तरी रोज बारा वाजून दहा मिनिटांनी आकडा खाली येई. सहाशे वॅटचा साडेचारशे. चाळीस मिनिटांनी पुन्हा सहाशे. ऊन सर्वांत कडक असते, नेमक्या त्या वेळी छतावरचे एक पॅनेल काहीच देत नव्हते.

मी साईनाथ यांना फोन केला. "आपली जोडणी जेवणाची सुट्टी घेते. येऊन पाहावे."

ते आले. अशा वेळी एकेक पॅनेल चादरीने झाकून पाहतात. झाकल्यावर आकडा उतरला, तर पॅनेल चांगले. उतरला नाही, तर दोषी तेच. "तुम्ही वर चढू नगा," ते म्हणाले. मी चादर घेऊन चढलो. ते आत मीटरपाशी बसले. सव्वाबारा झाले होते. छताचा पत्रा भाजत होता आणि माझी सावली पायांखाली गोळा झाली होती.

पहिले झाकले. खालून आवाज आला, "उतरलं!"

दुसरे. "उतरलं!"

तिसरे. "हां, उतरलं."

चौथे झाकले.

"साईनाथ?"

"आकडा हाय तसाच हाय, आजोबा... तुम्ही वर काय उघडलं व्हतं का?"

"मी झाकतो आहे. उघडत नाही."

"मग पडद्यामागनं उजेड येत व्हता, त्यो आत्ता कसा गेला?"

मी चादर उचलली.

"आला," ते म्हणाले. पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज झाला. "आजोबा... पलंगावर ऊन पडलंय."

वर पॅनेल, खाली पत्रा, त्याखाली प्लायवूड. मी ते मनात क्रमाने मोजले आणि मुद्दाम चादर पुन्हा टाकली. मला पुरावा हवा होता.

"आकडा सांगा."

उत्तर आले ते अगदी हळू. "चादर काढा."

"आधी आकडा..."

"चादर काढा वो... त्यांला गार लागतंय."

"कोणाला?"

मी चादर ओढून घेतली आणि शिडीवरून उतरलो. साईनाथ गाडीबाहेर उभे होते, चप्पल आत राहिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

मी आत गेलो. सुहासिनी छातीला चोळी, त्या निलगिरीच्या तेलाचा वास होता. पलंगावर उशीपाशी दीड फुटाचा उन्हाचा चौकोन पडला होता, कडा रेघ ओढावी तशा सरळ. वर प्लायवूड अखंड होते. मी चौकोनात हात धरला. हात तापला. तेवढ्यात कोणी थकून, पण सुखाने श्वास सोडावा, तसा आवाज आला. उशीवर डोके टेकल्यासारखा खळगा होता, तो हळूच थोडा आणखी दबला.

एकावन्न वर्षांच्या संसारात जे कधी म्हटले नव्हते, ते मी म्हणालो. "सुहासिनी, माझं चुकलं. साईनाथचं बरोबर होतं. तीन पुरली असती."

चौकोन तसाच राहिला. बारा पन्नासला विझला.

चौथे पॅनेल मी काढवून घेतले. साईनाथ त्या कामाला आले नाहीत. हडपसरच्या एका माणसाने पत्रा कापून पुन्हा काच बसवली. आता खिडकीतून खरेच ऊन येते. सूर्य पश्चिमेकडे सरकला, की कवडसा पूर्वेकडे सरकला पाहिजे. मी चादरीवर खडूने खुणा करून पाहिल्या. इतर वेळी तो नियमाने सरकतो. बारा दहा ते बारा पन्नास मात्र तो उशीपाशी थांबतो, खुणेपासून सूतभरही हलत नाही.

गाडी चंद्रपूरला गेली नाही. छतावर तीन पॅनेले आहेत आणि बॅटरी रोज भरते. मी आकडे टिपणे बंद केले. दुपारी बारा ते एक या वेळात गाडीत जायचे असेल, तर मी आधी दार वाजवतो.