दोनशे टनांचं जहाज

"डोळे फुटलेत का याचे!" मैत्रेयी स्वतःशीच पुटपुटली.

इंदिरानगरातल्या कॅफेच्या माडीवर ती नुकतीच येऊन बसली होती, आणि शेजारून जाणाऱ्या माणसाचं कोपर लागून तिची अख्खी कॉफी टेबलावर सांडली होती. बंगळुरात मराठीतलं पुटपुटणं कुणाला कळतंय!

"अजून नाही फुटले," तो रुमालाने टेबल पुसत म्हणाला. "स्वल्प वेळ आहे."

मैत्रेयीने जीभ चावली. तो हसत होता... मान पूर्ण वळवून, थेट तिच्याकडे बघत.

त्याचं नाव दत्ता. घरात मराठीच, पण चिकपेटात त्यांचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. ती नागपूरची, मारतहळ्ळीच्या एका कंपनीत नोकरीला. दर रविवारी दुपारी या माडीवर सहा-सात जण जमत, फासे टाकत आणि कल्पनेतल्या अंतराळाची गोष्ट आपापली पात्रं होऊन रंगवत. खेळ चालवायचा नागराज. नव्या गोष्टीसाठी त्याला एक जहाज हवं होतं.

"तुम्ही दोघं तुमच्या भाषेत भांडा," त्याने फर्मान सोडलं, "पण महिन्याभरात जहाज आणा."

नियम सोपा होता. जहाज दोनशे टनांचं. इंजिन, इंधन, तोफा, खोल्या, सगळं त्यातच बसवायचं. एक वाढवलं की दुसरं कापायचं.

"तोफा कमी करा. मला स्वयंपाकघर हवंय," मैत्रेयी म्हणाली.

"अंतराळात पोळ्या लाटणार तुम्ही?"

"तुम्ही लाटणार. मी जहाज चालवणार."

"सरी, सरी. ठीक आहे, कॅप्टन."

दुसऱ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. बाहेर पाऊस रिमझिमत होता, आलेखाच्या कागदावर दोघांची डोकी जवळ आली होती. मान वर केली की त्याची नजर तिच्यावरच.

"असा टक लावून का बघतोस रे?"

"आजूबाजूचं दिसत नाही म्हणून."

"म्हणजे माझ्याशिवाय कुणी दिसत नाही?"

"खरंच नाही दिसत, मैत्रेयी."

ती लाजली. आठवडाभर ते वाक्य तिने मनात घोळवलं.

तिसऱ्या रविवारी त्याने जहाजाचा पक्का आराखडा आणला. बोळ सरळसोट. कुठेही उंबरा नाही. सगळी दारं उजव्या हाताला, आणि भिंतीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी.

"अंतराळात दोरी?" ती खळखळून हसली.

"दिवे गेले तर चाचपडत जाता यायला हवं ना."

"किती वेळा जाणार आहेत दिवे?"

"एकदाच." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मग परत येणार नाहीत."

तिचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने शांतपणे सांगितलं... डोळ्यांचा आजार होता. नजर कडेकडून मिटत चालली होती, आता फक्त समोरचं थोडं उरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षं, फार तर तीन. उपाय नव्हता. ती कॉफी सांडली तेव्हा त्याला ना टेबल दिसलं होतं, ना ती.

त्याच आठवड्यात तिच्या कंपनीने तिला पुण्याला बदली देऊ केली. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. गुरुवारी सुट्टी टाकून ती चिकपेटात गेली. माणसांच्या रेट्यातून वाट काढत दुकानात शिरली. तो कापडाचे ताके बोटांनी ओळखायची सवय करत होता, डोळे घट्ट मिटून.

"बदली आलीय. थांब म्हण," ती म्हणाली. "मी पुण्याला जात नाही."

त्याने डोळे उघडले. खूप वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"आवडतेस तू मला. पहिल्या दिवसापासून."

"मग म्हण ना, थांब!"

"आज तू हौसेने थांबशील. पाच वर्षांनी रस्ता ओलांडताना माझा हात धरशील... तो प्रेमाने धरलास की कंटाळून, ते तुझ्या चेहऱ्यावर मला वाचता येणार नाही. त्या भीतीत मी रोज जगू?"

"मी सांगेन की! तोंडाने सांगेन!"

"चांगली माणसं खोटं बोलतात, मैत्रेयी."

ती खूप रडली, भांडलीसुद्धा. गिऱ्हाइकं आली तशी तो "बन्नी अक्का, बन्नी" म्हणत त्यांच्या स्वागताला उठला. तिच्याकडे पाठ करून कापड मोजू लागला. तेच कापड त्याने दोनदा मोजलं, पण तो वळला नाही.

ती पुण्याला गेली.

दोन वर्षं दोघांनीही फोन केला नाही. मग एकदा नागराजचा निरोप आला. दत्ताने खेळायला यायचं सोडलं होतं, घरातून बाहेरच पडत नव्हता. मैत्रेयी दुपारभर फोन हातात धरून बसली. शेवटी तिने नंबर लावला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

तिचा नंबर त्याच्याकडे होता, पण फोनवर उमटलेलं नाव आता त्याला वाचता येत नव्हतं.

"मी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

पलीकडे दार लोटल्याचं ऐकू आलं.

"बोल," तो म्हणाला. "काहीही बोल, मैत्रेयी. फक्त ठेवू नकोस."