कपाटावरचं हेल्मेट

खोटं वाटलं तर खुशाल हसा. ऐंशीला टेकलेय मी, थापा मारायची हौस कधीच फिटली. हे आमच्याच घरात घडलंय. मागच्या खोलीत, कपाटापाशी.

पन्नास वर्षांपूर्वीचा उन्हाळा. माझे यजमान आणि त्यांचा मित्र डोंगर चढायला निघणार होते. मित्राचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. सामान भरायची त्यांची एक पद्धत होती. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने वस्तू सॅकमध्ये टाकून म्हणायचं, "घेतलं."

दोर. घेतलं. शिट्टी. घेतलं. मलमपट्टीचा डबा. घेतलं.

हेल्मेटवर गाडी अडली. हे म्हणाले, उन्हाळ्यात कशाला, डोकं शिजेल. घड्याळजी म्हणाला, "दगड काय ऋतू बघून पडतात?"

त्याने घेतलंच. मग हात धुवायला गेला. यांनी ते हळूच काढून कपाटावर ठेवलं आणि मला डोळा मारला. "हा स्वतःचं डोकंसुद्धा दोनदा मोजतो. होऊ दे जरा फजिती."

मी हसले.

तिसऱ्या दिवशी हे एकटेच परत आले. कड्यावरून दगड सुटला होता...

सगळ्यांना यांनी सांगितलं, "हेल्मेट घरीच राहिलं त्याचं." लोक वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, तोंडावर म्हणायचे, फारच निष्काळजी माणूस. त्या खाली मान घालून ऐकायच्या.

मीही तिथेच बसलेली असायचे. गप्प.

पुढच्या उन्हाळ्यात हे पुन्हा निघाले. यादी यांनी वाचली, सॅक मी भरली.

दोर. "घेतलं."

शिट्टी. "घेतलं."

हेल्मेट...

मी तोंड उघडायच्या आत कपाटावरून आवाज आला.

"राहिलं."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. तरी हट्टाने निघाले. हेल्मेट मी माझ्या हातांनी सॅकला घट्ट बांधून दिलं.

तासाभराने मी खोलीत गेले, तर...

ते कपाटावर होतं.

यांना लोकांनी त्याच कड्याखालून उचलून आणलं, चादरीत गुंडाळून.

त्यानंतर इतकी वर्षं काही नाही. मला वाटलं, घड्याळजीचा राग निवला.

काल नातीने डोंगर चढायला जायची सॅक भरायला घेतली. जुनी पद्धत तिला मीच सांगितलेली, म्हणून कौतुकाने यादी माझ्या हातात दिली. मी वाचत गेले, ती "घेतलं, घेतलं" करत गेली. मी हेल्मेट म्हणाले आणि...

"राहिलं."

तिला ऐकूच आलं नाही.

आज पहाटे मी तिला दारातच हेल्मेट डोक्यावर घालायला लावलं. "आजी, बसमध्ये लोक हसतील गं," म्हणाली. पण घातलं.

दुपारी वहिनींना फोन लावला. पन्नास वर्षांनी सगळं कबूल केलं. रडले. माफी मागितली.



त्या अगदी थंडपणे म्हणाल्या, "माहीत आहे मला. आमचे हे रोज येऊन सांगतात. तुम्ही हसलात, तेही."

मी फोन ठेवणार, तोच त्यांनी विचारलं, "नात पोचली का हो वर?"

नातीचा विषय मी काढलाच नव्हता.

आत्ता तीन वाजलेत. त्या खोलीत कपाटावर काहीतरी खट्‌कन वाजलं. हेल्मेटचा पट्टा सुटल्यासारखं...

तिकडे बघायच्या आधी मी फोन उचलला.

नातीचा फोन लागत नाहीये.